नातवाच्या दप्तरातील इंजेक्शन आणि आजी-आजोबांचे हात

मुलाच्या किंवा मुलीच्या घरी चार-सहा महिन्यांसाठी परदेशी निघालेल्या आजी-आजोबांच्या सामानात दाण्याची चटणी, लाडू, चिवडा हे असतेच. यंदा मात्र निघण्यापूर्वी फोन येतो, ‘आई, दाण्याचे काहीही आणू नकोस. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली आहे.’ मन थोडे खट्टू होते. तिकडे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सून एक छोटी पिशवी उघडून दाखवते. तीत जाडजूड पेनासारख्या दोन नळ्या असतात. ‘शाळा सुटल्यापासून आम्ही येईपर्यंत तो तुमच्याजवळ असेल. वेळ पडली तर हे मांडीत टोचायचे.’ एवढे सांगून ती कामाला निघून जाते आणि आपण त्या नळ्यांकडे पाहत बसता. आयुष्यात कधी कुणाला इंजेक्शन दिलेले नाही, बोटे संधिवाताने आखडलेली, अक्षरे बारीक आणि सूचना सगळ्या इंग्रजीत.

ही नळी म्हणजे ॲड्रेनॅलिनचे स्वयंचलित इंजेक्शन. अमेरिकेत याच औषधाला एपिनेफ्रिन म्हणतात, म्हणून वेष्टनावर दोन्हींपैकी कोणतेही नाव असू शकते, औषध एकच. आपल्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींत तयार होणारे हे द्रव्य जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. समुद्रफुलाचे विष एकदा पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी त्याच विषाची अगदी अल्प मात्रा दिली, तर तो काही मिनिटांतच दगावत असे. पहिल्या अनुभवाने संरक्षण मिळायचे, ते उलटेच घडले. या प्रकाराला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले आणि १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोग आणि त्यावरील औषध यांची ओळख जगाला अशी जवळजवळ एकाच वेळी झाली. खिशात मावणारे स्वयंचलित इंजेक्शन मात्र बरेच उशिरा आले. ‘एपिपेन’ला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८७ मध्ये.

नातवाच्या शरीरात नेमके काय घडते, हे समजून घेतले की हात कमी थरथरतो. शेंगदाण्यातील प्रथिनाला त्याचे शरीर शत्रू समजते आणि हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम रक्तात सोडते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्तदाब घसरतो. घसा आणि जीभ सुजते, श्वासनलिका आवळल्या जातात. ॲड्रेनॅलिन हे सगळेच उलटे फिरवते: रक्तवाहिन्या आकुंचित करते, हृदयाला जोर देते, सूज उतरवते आणि श्वासाची वाट मोकळी करते. सेटिरिझिन, ॲव्हिल यांसारख्या गोळ्या खाज आणि पुरळ कमी करतात. कोसळलेला रक्तदाब त्या वर आणू शकत नाहीत. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. म्हणून ‘आधी गोळी देऊन पाहू, नाही उतरले तर इंजेक्शन’ हा आपल्या पिढीचा सावध क्रम येथे घातक ठरतो.

पित्त उठले की आमसूल?

अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे, हे आपल्या हाडीमाशी रुजलेले आहे. नुसत्या चार गांधी उठल्या असतील आणि मूल हसतखेळत असेल, तर त्याने काही बिघडत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी द्यावी आणि मुलावरची नजर हलवू नये. पण त्या गांधींच्या जोडीला खोकल्याची उबळ, घरघर, बसलेला आवाज, ओठ किंवा जीभ सुजणे, पुन्हा पुन्हा उलट्या, पोटात कळा, चक्कर, एकाएकी आलेली मरगळ यांपैकी काहीही दिसले, तर आमसूल, हळद, लिंबूपाणी सगळे बाजूला ठेवून नळी हातात घ्यावी. लहान मुले घशातली सूज शब्दांत सांगू शकत नाहीत. ‘जिभेवर केस आला आहे’, ‘घशात काहीतरी अडकले आहे’ असे काही म्हणतात किंवा नुसतीच जीभ ओढत राहतात. मोठी माणसे अनेकदा ‘काहीतरी भयंकर होणार असे वाटते आहे’ असे म्हणतात. हे बोलणे भित्रेपणाचे समजू नये, ते या आजाराचे नोंदवलेले लक्षण आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. काही रुग्णांच्या अंगावर एकही गांध उठत नाही. मुलाने दाण्याचा पदार्थ खाल्ल्याचे माहीत आहे आणि त्याचा श्वास अडखळतो आहे किंवा तो मलूल होऊन पडला आहे, एवढे पुरेसे आहे. त्वचा स्वच्छ आहे म्हणून थांबू नये.

शंका वाटते आहे, द्यावे की न द्यावे? द्यावे. गरज नसताना नेमून दिलेली एक मात्रा दिली गेली तर निरोगी मुलाची छाती धडधडते, हात कापतात, चेहरा पांढरा पडतो, डोके दुखते आणि थोड्या वेळाने हे सगळे ओसरते. गरज असताना देण्यास उशीर झाला, तर जे होते ते ओसरत नाही. या आजारात दगावलेल्या रुग्णांच्या बाबतीत ॲड्रेनॅलिन उशिरा दिले गेले होते किंवा दिलेच नव्हते, असे पुन्हा पुन्हा आढळले आहे.

मांडीच का आणि कसे

जागा एकच लक्षात ठेवावी: मांडीच्या मधल्या भागाची बाहेरची बाजू. दंड नाही, कुल्ला नाही. मांडीचा स्नायू मोठा आणि रक्ताने समृद्ध असतो. कॅनडातील डॉक्टर एस्टेल सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुलांवर केलेल्या अभ्यासात, मांडीच्या स्नायूत दिलेले औषध रक्तात सरासरी ८ मिनिटांत सर्वोच्च पातळीला पोहोचले. त्वचेखाली दिलेल्याला ३४ मिनिटे लागली. मुलाची पँट काढत बसण्याची गरज नाही, सुई कपड्यातून आरपार जाते. मात्र त्या जागी खिशात नाणी, किल्ल्या किंवा फोन नाही, एवढे चाचपून पाहावे.

एपिपेन मुठीत काठी धरल्यासारखी धरावी. तिचे एक टोक निळे, दुसरे नारिंगी. सुई नारिंगी टोकातून बाहेर येते. पेनाचे बटण दाबतो तसा अंगठा टोकावर ठेवण्याचा मोह आपल्याला हमखास होतो आणि तेथेच अपघात घडतात. अंगठा टोकावर नकोच. चारही बोटे आणि अंगठा नळीभोवती गुंडाळलेले हवेत. दुसऱ्या हाताने निळे टोपण सरळ वर ओढून काढावे. नारिंगी टोक मांडीला काटकोनात टेकवून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत जोराने दाबावे आणि तसेच धरून सावकाश तीन अंक मोजावेत. ऐकू कमी येत असेल तर आवाजावर विसंबू नये. नळी बाहेर काढल्यावर नारिंगी भाग लांब झालेला दिसतो आणि सुई त्यात झाकली जाते, ती खरी खूण.

पूर्वी एपिपेन दहा अंक मोजेपर्यंत धरायला शिकवत. आता निर्मात्याच्या सूचनेत तीन सेकंद आहेत. युरोपात मिळणाऱ्या ‘जेक्स्ट’चे टोपण पिवळे असते, सुई काळ्या टोकातून येते आणि ते दहा सेकंद धरावे लागते. अमेरिकेतील ‘ऑव्ही-क्यू’ तर पत्त्यांच्या कॅटसारखे चपटे असून स्वतः बोलून सूचना देते, अर्थात इंग्रजीतून. म्हणून शेजारच्या घरातील आजीने सांगितलेली रीत आपल्या घरातील नळीला लागू पडेलच असे नाही. सुनेने दाखवली तीच नळी, तिच्याच सूचना.

लहान मूल पाय झाडते आणि सुईने मांडी चिरल्याच्या घटना घडल्या आहेत. त्याला मांडीवर घेऊन त्याचे पाय आपल्या गुडघ्यांत घट्ट धरावेत, मगच टोचावे. घरात आजी-आजोबा दोघे असतील तर एकाने पाय धरावा, दुसऱ्याने टोचावे. हे काम आधीच वाटून घ्यावे. ऐन वेळी ‘तू दे, तू दे’ होते.

वापरलेल्या नळीत बरेचसे औषध शिल्लक दिसते. यंत्र बिघडले असे समजू नका. तिची रचनाच तशी आहे, ठरलेली मात्रा गेलेली असते आणि उरलेले काढता येत नाही. काटकसरीत वाढलेल्या माणसाला हे टाकवत नाही, पण ती नळी रुग्णवाहिकेच्या माणसांच्या हाती द्यायची असते, म्हणजे काय आणि किती दिले ते त्यांना कळते. चुकून आपल्याच बोटात सुई गेली, तर बोट पांढरे आणि थंड पडू शकते. तेही रुग्णालयात दाखवावे. आणि मुलासाठी दुसरी नळी लगेच काढावी.

टोचल्यानंतरची दहा मिनिटे

आधी टोचायचे, मग फोन. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, आपल्याकडे १०८ किंवा ११२. ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा एक शब्द आणि पत्ता, एवढे सांगितले तरी पुरे. घराचा पत्ता मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावा. आपण ज्या घरात पाहुणे आहोत त्याचा पत्ता घाबरल्यावर आठवत नाही. इंग्रजीची भीती असेल तर हा फोन मुलासमोर एकदा मोठ्याने म्हणून पाहावा, प्रत्यक्ष न लावता.

यानंतरची चूक मायेपोटी होते. बरे वाटू लागले की मूल उठते, ‘बाथरूमला जायचे’ म्हणते, आणि आपण त्याला हाताला धरून उभे करतो. तसे करू नये. रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला एकदम उभे किंवा बसते केल्यावर काही क्षणांत मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. त्याला सपाट निजवावे, पायांखाली उशा द्याव्यात. श्वासाला फार त्रास होत असेल तर पाय लांब करून टेकून बसवावे. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावे. पाणी पाजू नये. रुग्णवाहिकेपर्यंतही चालवत नेऊ नये, माणसे आत येऊन उचलतील.

पाच मिनिटे झाली आणि उतार दिसत नाही, किंवा उतरलेला त्रास पुन्हा वाढतो आहे, तर दुसरी नळी द्यावी. पिशवीत दोन असतात त्या यासाठी. एक आजीच्या पर्समध्ये आणि एक घरी, अशी वाटणी करू नये. मूल बागेत गेले तर दोन्ही बागेत.

नळीची निगा

हे औषध नाजूक आहे. उष्णता, ऊन आणि गोठवणारी थंडी या तिन्हींनी ते बिघडते. साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात, मूळ आवरणासकट ठेवावे. प्रवासात थोडा वेळ १५ ते ३० अंशांपर्यंत चालते. ‘औषध आहे, फ्रिजमध्ये टाकते’ ही आपली सवय येथे चुकीची आहे. उन्हात उभी केलेली मोटार तर सर्वांत वाईट जागा, मग ती टेक्सासमध्ये असो की उन्हाळ्याच्या सुटीत नातू घेऊन आला तेव्हा नागपुरात. विमानात नळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात, सामानाच्या पोटात नव्हे, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात औषधांसाठी मिळणारी उष्णतारोधक पिशवी उपयोगी पडते, पण बर्फाची वडी नळीला थेट लागता कामा नये.

नळीला एक लहान खिडकी असते. महिन्यातून एकदा, पेन्शनचा संदेश येतो त्या दिवशी म्हणा हवे तर, उजेडाकडे धरून पाहावे. आतील द्रव पाण्यासारखा नितळ हवा. गुलाबी किंवा तपकिरी झाक, गढूळपणा, कण दिसले की बदलायची. मुदतीची तारीख बारीक अक्षरांत असते. ती कागदाच्या पट्टीवर मोठ्या अंकांत लिहून पिशवीवर चिकटवावी, खिडकी मात्र झाकू नये. दुकानातून घेतलेली नळी बहुधा वर्ष-दीड वर्षच टिकते. प्रसंग ओढवला आणि हाताशी फक्त मुदत उलटलेली पण नितळ द्रवाची नळी असेल, तर काहीच न देण्यापेक्षा तीच द्यावी.

सरावासाठी बिनसुईची, बिनऔषधाची नळी मिळते. सुनेकडे नसेल तर मागवायला सांगावे आणि स्वतःच्या मांडीवर दहा-वीस वेळा दाबून पाहावी. आखडलेल्या बोटांना निळे टोपण निघते का, ते शांतपणे कळण्याची हीच वेळ आहे. निघत नसेल तर संकोच न करता सांगावे. दुसऱ्या बनावटीची नळी किंवा नाकात मारायचा फवारा यांचा विचार डॉक्टर करू शकतात. ॲड्रेनॅलिनच्या अशा फवाऱ्याला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. सरावाची नळी मात्र खऱ्या पिशवीत कधीही ठेवू नये. घाईत तीच हाती येते.

आणि आपले स्वतःचे काय?

ॲनाफिलॅक्सिस फक्त नातवंडांना होतो असे नाही. उतारवयात त्याची मोठी कारणे म्हणजे औषधे, विशेषतः वेदनाशामके आणि प्रतिजैविके, तसेच मधमाशी व गांधीलमाशीचा दंश. कोकणात कोळंबीने ओठ सुजणारी माणसे आपल्यातही असतात. वयस्क माणसात हा आजार केवळ एकाएकी कोसळण्याच्या रूपात येऊ शकतो आणि घरचे लोक ‘हृदयाचा झटका’ किंवा ‘साखर उतरली’ समजतात.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेत असाल तर आणखी एक गुंतागुंत आहे. या गोळ्या ॲड्रेनॅलिनचा परिणाम काही प्रमाणात रोखतात. अशा वेळी रुग्णालयात ग्लुकॅगॉन हे वेगळे औषध वापरावे लागू शकते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातील गोळ्यांनी ओठ-जिभेला सूज येऊ शकते. हे वाचून गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. आपल्याला तीव्र ॲलर्जी आहे आणि आपण या गोळ्या घेतो, ही दोन वाक्ये डॉक्टरांना एकत्र सांगावीत, कारण एक वाक्य हृदयाच्या डॉक्टरांना ठाऊक असते आणि दुसरे त्वचेच्या. हृदयविकार आहे म्हणून ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनॅलिन टाळावे, असे मात्र नाही. त्या क्षणी कोसळलेला रक्तदाबच हृदयाला अधिक घातक असतो.

आपल्याकडील बहुतेक औषधदुकानांत स्वयंचलित नळी मिळत नाही. मागवली तर ती महाग पडते. ॲड्रेनॅलिन स्वतः मात्र स्वस्त आहे आणि देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. १ मिलिलीटरच्या काचेच्या कुपीत १ मिलिग्रॅम औषध असते. काही डॉक्टर ज्ञात रुग्णाला कुपी, सुई-सिरिंज आणि मात्रेची चिठ्ठी अशी डबी देतात आणि घरच्या एका माणसाला ती वापरायला शिकवतात. हे नळीइतके सोपे नाही. कुपीची मान मोडायची, औषध ओढायचे, त्यातील नेमका भागच मांडीत द्यायचा. पूर्ण कुपी चुकूनही नाही. प्रत्यक्ष शिकल्याशिवाय आणि मात्रा लिहून घेतल्याशिवाय हे करू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध आहे ना, याचीही चौकशी करून ठेवावी. रानात, बागेत काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता स्वयंपाकघर, कारण नळी वापरण्याची वेळ बहुधा तेथून येते. दाण्याचे कूट आपल्या हाताला इतके सवयीचे आहे की ते घातले हे आठवतही नाही: काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, पालेभाजी. एकाच डावाने दोन भाज्या ढवळल्या तरी पुरते. घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिने उरलेली असतात. तिळाची ॲलर्जी असलेल्या घरी तिळगुळाचाही प्रश्न येतो; अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा वेष्टनावर जाहीर करावा लागणारा नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ आहे. कूट न घातल्याने पदार्थ बिघडतो, हे खरे आहे. खिचडी तर बिघडतेच. ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य मात्र त्या घरात कुणी बोलू नये, आजींनी तर नाहीच.

रुग्णालयातून लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नका. उतरलेली प्रतिक्रिया काही तासांनी, दाणा न खाताही, पुन्हा उसळू शकते. म्हणून डॉक्टर कित्येक तास, कधी रात्रभर ठेवून घेतात. परतताना नव्या दोन नळ्या हातात असल्याखेरीज घराकडे वळू नये. त्या रात्री नातवाच्या खोलीतच अंथरूण घालावे आणि नळ्यांची पिशवी उशाशी ठेवावी.